काहिलीच्या सांध्यांतील छिद्रें

गुऱ्हाळाच्या धंद्यांत साध्या लोखंडाच्या काहिलीऐवजीं स्टेनलेस पोलादाची काहील आणण्याकडे आमच्या शेतकरी बंधूंचा कल वाढत चालला आहे, आणि तो आम्हांस योग्य वाटतो. उंसाचा रस मुळांतच किंचित् आंबट. तो उकळतांना साध्या लोखंडास खातो व त्या लोखंडाचा अंश गुळांत उतरून रंग काळवंडवितो. स्टेनलेस पोलादाची काहील घासावयास सोपी, दिसावयास स्वच्छ, आणि हंगाम संपल्यावर धुऊन कोरडी ठेविली तर गंजाची भीति फारशी नाहीं. मात्र तिची किंमत मोठी असते, आणि जो शेतकरी ती घेतो तो आपल्या मुलाच्या हातीं सोंपविण्याच्या हिशेबानेंच घेतो. असें असतां पत्रा शाबूत राहून सांधा मात्र पहिल्या-दुसऱ्या हंगामांतच पाझरूं लागतो, अशी तक्रार वारंवार कानीं येते.

पाझर प्रथम दिसतो तो सुईच्या टोंकाएवढा. चुलवाणांत जाळ चालू असतां रसाचा थेंब विस्तवावर पडून चुरचुरतो, करपट वास सुटतो, आणि जळव्या खालून हांक मारतो. आदण अर्ध्यावर आलेलें असेल तर तें सोडवत नाहीं व पुढें नेववतही नाहीं. तिकडे तोडून आणलेला ऊंस अंगणांत पडून असतो, आणि तोडलेल्या उंसांतील साखर वेळ जाईल तसतशी घटते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय पाझर नसला म्हणून छिद्र निरुपद्रवी ठरत नाहीं. वरून उघडें व खालून बंद अशा छिद्रांत रस शिरून बसतो. घासणी तेथवर पोंचत नाहीं. तो रस रात्रीं आंबतो आणि सकाळच्या पहिल्या आदणांत मिसळतो. दुधाच्या टाकीस तर ही गोष्ट अधिकच लागू आहे.

अशा वेळीं दोष वेल्डरच्या हातास तरी दिला जातो किंवा पत्र्यास तरी. आमचें मत थोडें निराळें आहे. सांध्यांत जीं छिद्रें पडतात, ज्यांस कारागीर पिनहोल किंवा ब्लोहोल म्हणतात, त्यांपैकीं पुष्कळशीं ठिणगी पडण्याच्या आधींच ठरून गेलेलीं असतात. रॉड कोठें ठेविला होता व पत्रा कसा पुसला होता, या दोन गोष्टींवर तें अवलंबून असतें. आणि या गोष्टी अशा आहेत कीं वेल्डिंगचा गंध नसलेला मालकही त्यांवर देखरेख करूं शकतो. म्हणूनच हा कारखान्यांतला विषय आम्ही शेतकीच्या मासिकांत घेत आहों.

छिद्र पडतें कसें तें आधीं पाहूं. विजेच्या ज्योतीखालीं पोलाद वितळलें म्हणजे तें आपल्यांत वायु विरघळवून घेतें. थिजतांना मात्र त्यास तितका वायु धरून ठेवतां येत नाहीं. मग तो बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडूं पाहतो. पोलाद अजून पातळ असेल तर बुडबुडा वर येऊन फुटतो. थिजूं लागलें असेल तर आंतच अडकतो. पाक घट्ट झाल्यावर त्यांतला बुडबुडा कसा जागच्या जागीं राहतो हें गुळव्यांनीं हजार वेळां पाहिलेलें असतें; येथें प्रकार तोच, फक्त सारा खेळ कांहीं क्षणांत आटोपतो. प्रश्न इतकाच कीं, हा वायु येतो कोठून? तो येतो मुख्यतः पाण्यापासून, त्याखालोखाल तेल, ग्रीस, रंग व इतर घाणीपासून, आणि ज्योत लांब धरल्यास भोंवतालच्या हवेपासून. पाण्याची वाफ ज्योतींत शिरतांच तिचें विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, व वितळलेलें पोलाद तो अधाशासारखा पिऊन घेतें.

रॉडावर जो लेप असतो तो शोभेचा नव्हे. विजेनें धातु जोडण्याच्या आरंभींच्या काळांत उघडीच तार वापरीत. तिचे सांधे छिद्रांनीं भरलेले व ठिसूळ निघत. स्वीडनमधील ऑस्कर केलबर्ग यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तारेस लेप देण्याची युक्ति काढिली, व त्याच सुमारास, १९०४ मध्यें, गोटेनबर्ग येथें आपली कंपनी स्थापिली. लेप जळतांना त्याचा धूर हवेस दूर सारतो, आणि वितळलेला लेप सांध्यावर तरंगून राहून थिजेपर्यंत त्याचें रक्षण करतो. वर जो कडक पापुद्रा उरतो त्यास कारखान्यांत स्लॅग म्हणतात. रसावरची मळी आणि हा पापुद्रा यांत एक मोठा भेद आहे: मळी रसांतली घाण घेऊन वर येते म्हणून आपण ती काढून टाकतों, स्लॅग मात्र सांधा लाल आहे तोंवर त्यावर राहिलेलाच बरा.

आतां हाच लेप ओलावा शोषून घेतो. पापड सादळतो तसा रॉडही सादळतो. फरक एवढाच कीं सादळलेला पापड हातास कळतो, सादळलेला रॉड कळत नाहीं. साध्या लोखंडासाठीं गांवोगांव जो ६०१३ जातीचा रॉड वापरतात, त्याच्या लेपांत थोडा ओलावा असला तरी काम निभावतें; नांगराचा फाळ किंवा फाटकाचा अडसर जोडतांना कोणी त्याची फिकीर करीत नाहीं. वेल्डरचा हात याच कामावर बसलेला असतो. तीच संवय तो स्टेनलेसच्या रॉडास लावतो, आणि आमच्या समजुतीप्रमाणें सर्व अनर्थाचें मूळ येथें आहे. पुडकें एकदां फोडलें, चार रॉड वापरले, उरलेले औषधफवारणीच्या पंपाशेजारीं फळीवर ठेवून दिले. मृग गेला, आर्द्रा गेली, दसरा उजाडला, आणि गुऱ्हाळ पेटविण्याच्या आदल्या दिवशीं तेच रॉड काढून काहिलीस डाग दिला, तर त्या डागांत छिद्रें पडल्यावांचून कशीं राहतील? कोंकणांत व घाटमाथ्याच्या पट्ट्यांत तर पावसाळ्यांतील दमट हवेंत कांहीं तासांचा अवधिही पुष्कळ होतो.

रॉड सादळला आहे हें कामावर ओळखतां येतें. ज्योत फुरफुरते व थेंब अधिक उडतात, लेप एका बाजूनें जास्त जळून नखासारखा पुढें राहतो, आणि एरवीं सहज सुटणारा स्लॅग चिकटून बसतो. फार जुन्या रॉडाच्या लेपावर पांढुरकी बुरशीसारखी पूड आलेली दिसते. असा रॉड वाळविण्याच्या भरीस न पडतां टाकून द्यावा.

वाळवावयाचे म्हणजे काय, याविषयीं फार गैरसमज आहे. वैशाखाच्या उन्हांत रॉड पसरून ठेवणें, चुलवाणाच्या कडेवर शेंकणें, किंवा रॉड पत्र्यास चिकटवून विजेनेंच लाल करणें, असे उपाय सर्रास चालतात. उन्हानें वरचा दमटपणा जाईल. परंतु लेप ज्या काचेसारख्या चिकट द्रव्यानें, सोडियम किंवा पोटॅशियम सिलिकेटनें, बांधलेला असतो त्यानें धरून ठेवलेलें पाणी त्या उष्णतेनें हलत नाहीं. चुलवाणाच्या कडेची उष्णता कोणी मोजलेली नसते, व तेथें धूर आणि वाफ दोन्ही असतात. विजेनें लाल केलेल्या रॉडाचा लेप आंतून तडकतो. स्टेनलेसच्या रॉडास साधारणतः २५० ते ३५० अंश सेंटिग्रेड उष्णता एक ते दोन तास लागते. नेमका आंकडा व वेळ पुडक्यावर छापलेली असते, तीच प्रमाण मानावी, कारण लेपाच्या जातीप्रमाणें ती बदलते. हें काम उष्णता नियंत्रित करणाऱ्या विजेच्या भट्टींतच होतें. रॉड पातळ थरांत पसरावे, गठ्ठा तसाच ठेवूं नये. आणि बाहेर काढल्यावर सुमारें १०० ते १५० अंशांच्या डब्यांत ठेवून लागेल तसा एकेक घ्यावा. तेच रॉड पुन्हां पुन्हां भाजण्यासही मर्यादा आहे. दोन-तीन वेळांनंतर लेप ठिसूळ होऊन गळूं लागतो.

एका काहिलीसाठीं अशी भट्टी घेण्यास आम्ही कोणास सांगत नाहीं. त्याहून सोपी तोड आहे. काम असेल त्याच दिवशीं नवें, हवाबंद पुडकें आणावें व तें आपल्या डोळ्यांदेखत फोडावें. लहान पुडकें मिळत असेल तर तेंच घ्यावें. चार रॉड उरले तर उरले. काहिलीच्या किंमतीपुढें त्यांची किंमत कांहींच नाहीं. आणि ज्या कारखान्यांत भट्टी आहे तेथें दोन कोस लांब पडलें तरी काहील गाडींत घालून न्यावी.

दुसरी गोष्ट पत्र्याची. नव्या पत्र्यावर प्लास्टिकचा पापुद्रा व त्याखालीं गोंद असतो, कापण्याच्या यंत्राचें तेल असतें, आंखणीची शाई असते. सांध्याच्या दोन्ही बाजूंस निदान एक इंच रुंद पट्टा यांपासून मुक्त झाला पाहिजे. त्याकरितां स्वच्छ फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसावें व तें पूर्ण उडून गेल्यावरच ज्योत पेटवावी. मोटारीचे भाग धुण्याचे जे फवारे मिळतात त्यांपैकीं कांहींत क्लोरीनयुक्त द्रव्यें असतात. ज्योतीच्या उष्णतेनें व किरणांनीं त्यांपासून विषारी वायु निर्माण होतो, म्हणून ते वेल्डिंगजवळ आणूं नयेत. तारेचा ब्रश स्टेनलेसचाच असावा, आणि ग्राइंडरची चकती साध्या लोखंडावर न फिरविलेली. लोखंडी ब्रशानें छिद्रें पडत नाहींत, परंतु त्याचे कण पत्र्यांत रुतून पुढें गंजाचे डाग उठतात, व मालक म्हणतो कीं दुकानदारानें फसविलें.

जुन्या काहिलीची दुरुस्ती नव्या कामाहून कठीण, हें येथें विशेषेंकरून सांगावयाचें आहे. चिरेंत व जुन्या छिद्रांत रस शिरून करपलेला असतो. करपलेली साखर म्हणजे कोळसाच. ती ज्योतीखालीं आली कीं वायु सुटलाच. प्रथम काहिलींत धुण्याचा सोडा घालून पाणी उकळावें, तें ओतून देऊन पुन्हां साध्या पाण्यानें धुवावी, आणि मग चीर ग्राइंडरनें उघडून पांढरी चकचकीत धातु दिसेपर्यंत घासावी. काळा बिंदु दिसत असतां डाग देणें व्यर्थ आहे.

त्यांतही जेथें एक पत्रा दुसऱ्यावर चढवून जोडलेला असतो तेथें फार सावध राहावें. दोन पत्र्यांच्या मधल्या फटींत रस आणि पाणी दडून बसतें. वरून कितीही पुसलें तरी तें निघत नाहीं. सांधा तापला कीं त्याची वाफ होते, आणि वाफेस दुसरी वाट नसल्यानें ती वितळलेल्या पोलादांतूनच भोंक पाडून निघते. वेल्डर तें भोंक बुजवितो, पुढच्या बोटावर नवें पडतें, आणि दिवसभर हा लपंडाव चालतो. यावर उपाय दोन: कामापूर्वीं तो भाग सौम्य आंचेनें सावकाश तापवून सगळा ओलावा घालवावा, आणि जोडतांना फटीचें एक टोंक शेवटपर्यंत उघडें ठेवावें. दोन्ही टोंकें बंद असलीं तर पलीकडील बाजूनें एक बारीक भोंक मुद्दाम पाडून वाफेस वाट द्यावी व अखेरीस तें बुजवावें. काहिलीच्या कांठास जी पोकळ नळी वळवून लाविलेली असते तिचीही हीच गत. बंद नळींत पाणी राहून ती तापविली तर छिद्राची गोष्ट दूरच, नळी फुटून माणूस जखमी व्हावयाचा.

हाताच्या कौशल्याविषयीं आम्ही थोडक्यांतच लिहितों, कारण तें वाचून येत नाहीं. तरी मालकानें उभें राहून पाहण्याजोग्या चार गोष्टी आहेत. ज्योत आंखूड असावी, रॉडाच्या आंतील तारेच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी. ती लांबली कीं हवा आंत शिरते. वीज बेताची असावी: स्टेनलेसची तार साध्या लोखंडाच्या तारेहून विजेस चार-पांच पट अधिक विरोध करते, म्हणून लवकर तापते, रॉड अर्धा जळेपर्यंत उरलेला अर्धा लाल झाला तर त्याचा लेप कामास येण्यापूर्वींच बिघडतो, आणि प्रत्येक रॉडाच्या शेवटल्या दोन-तीन बोटांत छिद्रांची रांग लागते. सामान्यतः २.५ मिलिमीटरच्या रॉडास ६० ते ९० अँपिअर व ३.१५ मिलिमीटरच्या रॉडास ८० ते १२० अँपिअर पुरतात. येथेंही पुडक्यावरील आंकडा पाहावा. वीज एकदिश असल्यास रॉड धन टोंकास जोडावा. हात रुंद झुलवूं नये. तारेच्या जाडीच्या अडीच-तीन पटींपलीकडे डाग पसरला तर त्याची कड उघडी पडते.

छिद्रें नेहमीं नव्या रॉडाच्या आरंभींच सांपडत असतील तर दोष ठिणगी पाडण्याच्या रीतींत आहे. पहिल्या क्षणीं लेपाचा धूर पुरेसा सुटलेला नसतो. म्हणून जाणता वेल्डर जेथें सुरुवात करावयाची त्याच्या अर्धा इंच पुढें ठिणगी पाडतो, ज्योत स्थिर होतांच मागें येतो, आणि मग पुढें जातांना ती पहिली जागा पुन्हां वितळवून घेतो. तसेंच रॉड संपतांना झटकन् उचलला तर शेवटीं खळगा राहतो व त्याच्या बुडाशीं छिद्र किंवा चीर पडते. क्षणभर थांबून खळगा भरून घ्यावा. मळ्यांत उघड्यावर काम असेल तर वारा येणाऱ्या बाजूस ताडपत्री बांधावी. जमीन ओली असल्यास कोरड्या फळीवर उभें राहावें. गुऱ्हाळाच्या अंगणांत कोरडी जमीन क्वचितच असते.

रॉडाची जात चुकली तर छिद्रें नसूनही सांधा टिकत नाहीं, म्हणून दोन शब्द. ३०४ जातीच्या पत्र्यास ३०८ एल, ३१६ जातीच्या पत्र्यास ३१६ एल, आणि स्टेनलेस पत्रा साध्या लोखंडास जोडावयाचा असल्यास ३०९ एल, असा सरळ हिशेब आहे. यांतील एल अक्षर कर्ब कमी असल्याची खूण आहे, व उकळत्या रसाच्या कामीं तो कमी असणें चांगलें. बाजारांत २०० मालिकेचा स्वस्त पत्राही स्टेनलेस म्हणूनच विकला जातो. लोहचुंबक लावून दोहोंतील फरक कळत नाहीं, तेव्हां पावतीवर जात लिहून घ्यावी. जस्ताच्या मुलाम्याचा कोन किंवा नळ स्टेनलेसला सरळ जोडूं नये. जस्ताची वाफ छिद्रें पाडते, वितळलेलें जस्त स्टेनलेसमध्यें शिरून त्यास चिरा पाडतें, आणि तो धूर माणसास ताप आणतो. मुलामा आधीं घासून काढलाच पाहिजे.

पत्रा दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, जसा दुधाच्या लहान भांड्यांचा असतो, तर रॉडाचा हट्ट धरूं नये. आर्गॉन वायूच्या साह्यानें करावयाचें काम, ज्यास कारखान्यांत आर्गॉन वेल्डिंग म्हणतात, तेथें निःसंशय सरस. काहिलीच्या जाड तळास मात्र रॉडाचें काम उत्तम होतें, आणि तें शेतावरही करतां येतें.

एवढी खबरदारी घेऊनही एखादें छिद्र निघालेंच तर त्यावर दुसरा थर चढवून तें झांकूं नये. वेल्डरचा सर्वांत आवडता व सर्वांत वाईट उपाय तो हाच. खालचा वायु व स्लॅग नव्या थरांत वर येतात, आणि एकाचीं तीन छिद्रें होतात. छिद्र ग्राइंडरनें बुडापर्यंत उकरावें, खालीं निर्दोष धातु लागली अशी खात्री करावी, पुसून कोरडें करावें, आणि मगच कोरड्या रॉडानें भरावें. मजुरी ठरवितांनाच ही अट बोलून घ्यावी; नंतर वाद घालण्यांत हंगाम जातो.

या धुराविषयीं निष्काळजीपणा नको. स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरांत क्रोमियमचें घातक रूप असतें, आणि २०१७ सालीं कर्करोगासंबंधीं संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें वेल्डिंगचा धूर मनुष्यास कर्करोगकारक ठरविला आहे. वेल्डरनें वाऱ्याची पाठ धरावी व योग्य मुखवटा वापरावा. काहिलीवर वांकून डोकें धुरांत घालून काम करूं नये, आणि पोरांस भोंवतीं जमूं देऊं नये.

काहील ताब्यांत घेण्यापूर्वीं तिची परीक्षा मालकानें स्वतः करावी. सांध्याच्या बाहेरील अंगास खडू पाण्यांत कालवून पातळ लेप द्यावा व तो वाळूं द्यावा. मग आंतील अंगानें सांध्यावर रॉकेलचा हात फिरवावा आणि निदान अर्धा तास वाट पाहावी. रॉकेल पाण्याहून अधिक बारीक वाटेनें झिरपतें. जेथें आरपार छिद्र असेल तेथें पांढऱ्या खडूवर काळसर ओला ठिपका उमटतो. प्रत्येक ठिपक्याभोंवतीं पेन्सिलीनें वर्तुळ काढावें व वेल्डरला दाखवावें. रॉकेल असेपर्यंत त्या जागीं ज्योत लावूं नये. सोडा व गरम पाण्यानें सारी काहील धुऊन, वाळवून, मग डाग उकरावे. दुरुस्तीनंतर हीच परीक्षा पुन्हां घ्यावी व काहील तशीच धुवावी. शेवटीं ती पाण्यानें भरून रात्रभर ठेवावी, आणि पहिल्या रसापूर्वीं एक आदण नुसतें पाण्याचें उकळून ओतून द्यावें. हें सारें आश्विनांत उरकलें तर कार्तिकांत चरक सुरू होईपर्यंत दुरुस्तीस अवकाश राहतो.